फेदर डस्टरचा तुरा गळून पडला, आता काय करायचं?

प्रश्न फेदर डस्टरबद्दल आहे, म्हणजे नळीत राहणाऱ्या, पिसांसारखा तुरा असलेल्या समुद्री किड्याबद्दल (वर्म). थोडक्यात असा. पुण्यात २०० लिटरचा मरीन टँक, आठ महिने जुना. आर्टिफिशियल रॉक, बारीक अ‍ॅरागोनाइट वाळू, थोडे मशरूम आणि झोअँथिड ही मऊ प्रवाळं. मासे तीन: दोन ऑसेलारिस क्लाउन आणि एक कोरल ब्यूटी एंजल. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) आणि यूव्ही दिवा चोवीस तास चालू. टॉप-अपला, म्हणजे उडून गेलेलं पाणी भरून काढायला, घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी. 'हवाईयन' म्हणून मिळणारा मोठा फेदर डस्टर आणला आणि समोरून नीट दिसावा म्हणून रॉकच्या माथ्यावर, वेव्हमेकरच्या (प्रवाह तयार करणाऱ्या पंपाच्या) रेषेत खोचला. दहाव्या दिवशी सकाळी अख्खा तुरा वाळूवर पडलेला. अमोनिया शून्य, नायट्रेट शून्य, सॅलिनिटी (खारटपणा) ३५. तुम्ही विचारलंय की वर्म मेला का, आणि पुढचा आणला तर कुठे ठेवायचा.

आधी नळी फेकू नका. तुरा म्हणजे त्याच्या तोंडाभोवतीचा श्वास घ्यायचा आणि खाणं गाळायचा भाग. धोका वाटला की वर्म तो स्वतःहून सोडून देऊ शकतो. नळीतलं शरीर शाबूत असेल तर दोन ते चार आठवड्यांत नवा तुरा फुटतो, कधी कधी सहा आठवडेही लागतात. पहिला फुटवा लहान आणि फिकट असतो, तेवढ्याने घाबरून जायचं कारण नाही.

जिवंत आहे का हे नळीवरून कळतं. आत वर्म असेल तर नळीचं तोंड बहुतेक वेळा चिमटीत धरल्यासारखं मिटलेलं असतं आणि पाण्यातच दोन बोटांत अगदी हलकं धरून पाहिलं तर मधला भाग भरीव लागतो. मेलेला असेल तर नळी पोकळ लागते, तोंड सैल पडतं, मळकट पांढरा भाग बाहेर लोंबू लागतो, आणि रात्रीतून ब्रिसल वर्म आणि नॅसॅरियस गोगलगायी तिथे गोळा होतात. शंका राहिली तर नळीचं तोंड क्षणभर पाण्याबाहेर आणून वास घ्या. सडका वास ओळखायला चुकत नाही. तो आला तर लगेच काढून टाका, २०० लिटरमध्ये एवढ्या आकाराचा जीव सडला तर अमोनिया वाढतो. वास नसेल तर हात लावू नका. ओढून बघणं, नळी कापून आत डोकावणं हे प्रकार अजिबात करू नका. वर्म अंगावरच्या केसांनी आणि बारीक आकड्यांनी नळीला आतून घट्ट धरून बसलेला असतो, ओढला तर फाटतो.

आता मुद्द्याचं. तुम्ही जागा विचारली आहे, पण जागा ठरते ती हा वर्म खातो कसा यावरून. तुऱ्याच्या प्रत्येक काडीला दोन्ही बाजूंनी बारीक फाटे असतात आणि फाट्यांवर सूक्ष्म रोम. रोमांच्या हालचालीने पाणी बाहेरून आत, तुऱ्याच्या मधल्या पोकळीत ओढलं जातं आणि वर निघून जातं. जाताना कण फाट्यांवर अडकतात, काडीच्या मधल्या खाचेतून खाली तोंडापाशी येतात आणि तिथे आकाराप्रमाणे वेगळे होतात. सगळ्यात बारीक ते पोटात, मधले नळी बांधायला चिकट स्रावात मिसळले जातात, मोठे बाहेर टाकले जातात. म्हणजे खाणं आणि घर दोन्ही त्याच पाण्यातून येतं. पाण्यात बारीक कण नसतील तर तो उपाशी राहतो आणि नळीही वाढत नाही. कण असूनही पाणी जोरात आपटत असेल तर काड्या वाऱ्यात उलटलेल्या छत्रीसारख्या होतात आणि काही पकडता येत नाही.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी वेगवेगळ्या करून बघायला हव्यात. दहा दिवसांत तुरा पडला तो उपासमारीने पडला नसणार. उपासमार महिनोन्‌महिने चालते: तुरा गळतो, नवा येतो, तो आधीपेक्षा लहान असतो, मग तोही गळतो, असं करत एक दिवस नळी रिकामी सापडते. दहा दिवसांत गळलेला तुरा म्हणजे काहीतरी तातडीचा त्रास. पण नायट्रेट शून्य, कोरड्या रॉकने सुरू केलेला टँक, सॉक, स्किमर आणि यूव्ही हे सगळं एकत्र पाहिलं तर आज हा त्रास टळला तरी पुढच्या सहा महिन्यांत तो वर्म उपाशी मरेल, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही दुरुस्त करावे लागतील.

तातडीच्या त्रासात पहिला संशय प्रवाहावर. रॉकचा माथा आणि समोर वेव्हमेकर ही जागा फेदर डस्टरसाठी जवळपास नेहमीच चुकीची ठरते. दुसरा संशय कोरल ब्यूटीवर. सेंट्रोपायजी जातीचे एंजल तुऱ्याची टोकं चावतात, सगळेच नाही, पण जो चावतो तो सोडत नाही. पडलेला तुरा अजून वाळूवर असेल तर तो नीट बघा. काड्या सगळ्या एकाच लांबीच्या आणि टोकं अखंड असतील तर माशाने चावलेलं नाही, वर्मने स्वतः सोडलाय. काही काड्या अर्ध्यावर तुटलेल्या, कडेला खाच पडलेली असेल तर एंजलचं काम समजा. क्लाउनकडेही लक्ष ठेवा. ज्या टँकमध्ये अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) नसतो तिथे क्लाउनची जोडी फेदर डस्टरलाच घर समजून त्यात अंग घासत बसते. ते त्याला खात नाहीत, पण वर्म दिवसभर मिटून राहतो आणि मिटलेला वर्म खात नाही.

तिसरा संशय तुमच्या आरओवर, आणि हा मला सगळ्यात जास्त खटकतो. आपल्याकडे घरगुती प्युरिफायरमध्ये मेंब्रेननंतर मिनरल कार्ट्रिज असते, टीडीएस कंट्रोलर असतो जो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये मुद्दाम कॉपर सोडणारी कार्ट्रिजही असते. माणसाला चालणारं हे कॉपर वर्म, कोळंबी, गोगलगाय यांच्यासाठी विष आहे. टॉप-अपमध्ये पाणी उडून जातं आणि धातू मागे राहतो, त्यामुळे रोज थोडं थोडं साठत जातं. तुमच्या प्युरिफायरच्या पुढच्या बाजूला 'कॉपर' लिहिलेलं असेल तर आजच ते पाणी बंद करा. मेंब्रेनच्या लगेच नंतर टी जोडून पाणी घ्या, त्यापुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा डबा लावा आणि टीडीएस पेनवर शून्य येतंय का बघा. पेनवर सतत ३-४ च्या वर जायला लागलं की रेझिन बदलायचं. टँकमध्ये आधीच कॉपर गेलं असण्याची शक्यता असेल तर कॉपर शोषणारं रेझिन किंवा चांगला कार्बन लावा आणि आठवड्याला २० टक्के याप्रमाणे तीन-चार वेळा पाणी बदला. याच टँकमध्ये, किंवा यातल्या रॉकवर, पूर्वी कधी माशांना कॉपरचं औषध दिलं होतं का हेही आठवून बघा. रॉक आणि वाळू कॉपर धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात.

दुकानातून आणताना काय झालं यावरही बरंच अवलंबून आहे. दुकानदार माशांच्या टाक्यांत बहुधा कॉपर ठेवतात, आणि वर्म त्याच सिस्टिमला जोडलेल्या टाकीत असेल तर तो दुकानातच अर्धा खचलेला असतो. घेतानाच विचारा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये कधीही ओतू नका. स्थानिक दुकानातून तासाभरात घरी आणलेला असेल तर टँकचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब याप्रमाणे तास-दीड तास त्यात ड्रिप करा, पिशवीतलं पाणी तिप्पट होईपर्यंत. कुरियरने रात्रभर प्रवास करून आलेला असेल तर उलट लवकर उरका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा त्रास देत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी पिशवी बंद ठेवून वीस मिनिटं तापमान जुळवा, सॅलिनिटी मोजा, फरक थोडा असेल तर सरळ हलवा. हलवताना पेल्यात बुडवून, पाण्यातल्या पाण्यात. नळीत हवा अडकली तर ती आपोआप निघत नाही. अडकली असेल तर टँकमध्ये नळी थोडी तिरकी करून बुडबुडे जाऊ द्या.

आता जागा. वाळू आणि रॉक जिथे भेटतात तो कोपरा, टँकच्या खालच्या एक तृतीयांश भागात, ही माझी पहिली पसंती असते. नळीचा खालचा एक तृतीयांश ते अर्धा भाग वाळूत जाऊ द्या, बाकीचा रॉकच्या कपारीला टेकवा. वाळू दोन-तीन सेंटिमीटरच असेल तर नळी आडवी होत राहते. मग खालच्या टोकाजवळ, वर्मच्या तोंडापासून शक्य तितक्या लांब, सुपरग्लू जेलचा एक थेंब लावून ती लहान रॉकच्या तुकड्याला किंवा फ्रॅग प्लगला (प्रवाळाचे तुकडे बसवायच्या छोट्या चकतीला) चिकटवा आणि तो तुकडा वाळूत पुरा. जेलच वापरा, पातळ सुपरग्लू नळीत झिरपतो. वरचं तोंड मोकळं हवं, वाळूच्या पातळीपासून किमान चार-पाच सेंटिमीटर वर, म्हणजे वाळू उकरणारा गोबी मासा त्यावर ढीग घालणार नाही. दोऱ्याने किंवा रबरबँडने आवळू नका, नळी चामड्यासारखी मऊ असते आणि दाब सहन करत नाही.

प्रवाह तपासायला उपकरण लागत नाही. फायटोप्लँक्टनचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचे) दोन थेंब पिपेटने ठरवलेल्या जागेच्या दहा-पंधरा सेंटिमीटर आधी सोडा आणि हिरवा ढग कसा जातो ते बघा. संथपणे वळत, पसरत तीन-चार सेकंदांत त्या जागेवरून गेला तर जागा योग्य. रेघ ओढल्यासारखा सुसाट गेला तर प्रवाह जास्त. जागच्या जागी घुटमळून खाली बसला तर कमी, तिथे वर्मची स्वतःची टाकाऊ घाणही साचेल. नंतर तुरा उघडला की तोच सांगतो: काड्या सगळ्या बाजूंनी सारख्या पसरून हलकेच डुलत असतील तर ठीक, एक बाजू दाबली जाऊन तुरा सतत एकीकडे झुकलेला असेल तर नळी थोडी सरकवा. वेव्हमेकरपासून अंतर किती असावं याचा ठरावीक आकडा देता येत नाही, पंपाच्या ताकदीवर ते ठरतं. पण सरळ रेषेत कधीच नको, काचेवरून किंवा रॉकवरून आपटून परत येणारं पाणी सगळ्यात चांगलं.

उजेडाची त्याला गरज नाही, त्यामुळे कपारीच्या सावलीत ठेवला तरी हरकत नाही. उलट लख्ख प्रकाशात नळीवर शेवाळ चढतं. मोठ्या वर्मचा तुरा आठ-दहा सेंटिमीटर पसरतो, तेव्हा चहूबाजूंनी तेवढी जागा मोकळी हवी. मशरूम, झोअँथिड शेजारी चालतील. डंख मारणारं काही नको, आणि पुढे-मागे अ‍ॅनिमोन आणायचा विचार असेल तर तो फिरतो हे लक्षात ठेवा. एकदा बसवला की दर दोन दिवसांनी जागा बदलू नका. दर वेळी त्याला नव्याने सावरावं लागतं.

खाण्याकडे वळू, कारण बहुतेक टँकमध्ये हा वर्म इथेच हरतो. त्याला लागतात ते काही मायक्रॉनचे कण. सूक्ष्म शेवाळांपैकी नॅनोक्लोरोप्सिस दोन ते पाच मायक्रॉनचा असतो, टेट्रासेल्मिस दहाच्या आसपास. माशांना खायला देतात त्या आर्टेमियाची (बारीक कोळंबीसारखा जीव) नुकती फुटलेली पिल्लंसुद्धा ४०० मायक्रॉनच्या पुढची, म्हणजे त्यांचा याला उपयोग नाही, त्याहून मोठ्या मायसिसचा तर नाहीच. स्पिरुलिना पावडर स्वस्त म्हणून लोक घालतात, पण ती गुठळ्या धरते, वर्म त्या बाहेर फेकतो आणि त्या वाळूत कुजतात. जिवंत फायटोप्लँक्टन मिळत असेल तर तेच घ्या. २०० लिटरला गडद हिरव्या कल्चरचे १० मिली, एक दिवसाआड, इथून सुरुवात करा. दोन आठवड्यांनी नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा. फारसं हललं नसेल तर रोज १०, मग रोज २० मिलीपर्यंत जा. कल्चर किती घट्ट आहे यावर हे आकडे बदलतील, पातळ पोपटी दिसत असेल तर दुप्पट लागेल. फ्रिजमध्ये साधारण ४ अंशांवर ठेवा आणि रोज बाटली हलवा. उघडल्यावर कुबट वास आला तर टाकून द्या. बाटलीबंद, न हलवता टिकणारं फायटो मेलेलं असतं. ते चालतं, पण न खाल्लेलं लगेच सडतं, म्हणून निम्म्या मात्रेने सुरू करा.

देताना यूव्ही आणि स्किमर तासभर बंद, रिटर्न पंप वीस मिनिटं बंद, वेव्हमेकर अगदी मंद. पिपेट तुऱ्यावर रोखून पिचकारी मारली तर तो झटक्यात आत जातो आणि तुमचं खाणं वाया जातं. तुऱ्याच्या प्रवाहाकडच्या बाजूला, हातभर लांबून, थेंबाथेंबाने ढग सोडा. हात वरून आणू नका. उजेड-सावलीतला फरक त्याला कळतो, सावली पडली की तुरा आत ओढला जातो. तसा झटक्यात गेला तर तब्येत चांगली आहे असं समजा. सावलीला सुस्त प्रतिसाद देणारा वर्म अशक्त असतो. स्किमर पुन्हा चालू करायचा लक्षात राहत नसेल तर टायमर लावा.

त्याबरोबर टँकची अति स्वच्छता थोडी सैल करा. फिल्टर सॉक आठवड्यातले चार-पाच दिवस काढून ठेवा. यूव्हीची रोगासाठी गरज नसेल तर बंदच ठेवा. माशांना दिवसातून एकदा भरपूर देण्याऐवजी दोन-तीनदा थोडं द्या, त्यातला चुरा आणि रस यालाही मिळतो. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पर्यंत येऊ द्या. शून्य नायट्रेटचा टँक डोळ्यांना देखणा असतो, पण गाळून खाणाऱ्या जीवाला तिथे काही मिळत नाही. आठवड्यातून एकदा पिपेटने रॉकवरची घाण हलकेच उडवा. ते मधल्या आकाराचे कण त्याला नळी बांधायला लागतात. नळीच्या तोंडाशी दर महिन्याला थोडी नवी, स्वच्छ, फिकट कड दिसली की समजा घडी बसली.

म्हणजे आत्ता नळी जिवंत असेल तर क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी टॉप-अपचं पाणी बदला आणि नळी खाली, संथ जागी हलवा. एंजलवर संशय पक्का असेल तर बारीक जाळीचा किंवा छिद्रं पाडलेल्या पारदर्शक डब्याचा आडोसा नळीभोवती करा, पाणी जायला हवं. तुरा नाही तोवर फायटोची मात्रा वाढवू नका, तेव्हा तो जवळपास काहीच खात नाही आणि अंगातल्या साठ्यावर जगतो. कोवळ्या काड्या तोंडाबाहेर दिसू लागल्या की खाणं सुरू करा. आडोसा काढल्यावर एंजलने पुन्हा चावा घेतला तर दोघांपैकी एकालाच ठेवता येईल, यात मधला मार्ग नाही. फुलपाखरू मासे, ट्रिगर, पफर आणि अ‍ॅरो क्रॅब यांच्याबाबत तर प्रयोगही करू नये. नळी सोडून वर्म अख्खा बाहेर आला तर ती वाईट खूण आहे, पण त्याला बारीक वाळू असलेल्या लहान डब्यात, माशांपासून सुरक्षित ठेवलं तर कधी कधी तो नवी नळी बांधतो.

उन्हाळ्याबद्दल एक गोष्ट, कारण पुण्यातला एप्रिल-मे यात हमखास आड येतो. २४ ते २६ अंश उत्तम, २८ पर्यंत चालतं, ३० ला पाण्यातला ऑक्सिजन कमी पडू लागतो. चिलर नसेल तर पंखे लावता, आणि पंख्याने २०० लिटरमधून दिवसाला चार लिटर सहज उडतात. एक दिवस टॉप-अप चुकला तर सॅलिनिटी ३५ वरून ३५.७ होते, दोन दिवस चुकला तर ३६.५ च्या जवळ. मासे हे सोसतात, आधीच खचलेला वर्म नाही सोसत. एटीओ (आपोआप टॉप-अप करणारं यंत्र) बसवा, आणि त्याची टाकी डीआयच्या पाण्यानेच भरा.

हा वर्म जगला नाही आणि पुढे दुसरा घ्यायचा झाला, तर दोन-तीन महिने थांबा, नायट्रेट स्थिर होऊ द्या, सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) आणि रॉकखाली आपोआप उगवलेले छोटे पांढरे फेदर डस्टर दिसतात का बघा. ते वाढत असतील तर मोठ्यासाठीही खाणं आहे. दुकानात उघडा तुरा असलेलाच घ्या, काचेजवळ हात नेल्यावर झटक्यात मिटणारा, नळीचं खालचं टोक न फाटलेला, आणि नळीवर तपकिरी आयप्टेशिया (डंख मारणारं उपद्रवी अ‍ॅनिमोन) चिकटलेली नाही याची खात्री करून. शक्य असेल तर लहान तुऱ्यांच्या, झुबक्याने वाढणाऱ्या बिस्पिरा जातीपासून सुरुवात करा. त्या कमी खाण्यावर तग धरतात. चुनखडीच्या कडक नळीचा लाल-पांढरा कोको वर्म सुंदर दिसतो, पण त्याला कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी ८ ते १० डीकेएच सतत लागते आणि खाणं याच्यापेक्षा जास्त. नळी एकदा सुटली तर तो बहुधा सावरत नाही. आणि ख्रिसमस ट्री वर्म भारतात घ्यायच्या फंदात पडू नका. तो जिवंत पोराइटिस प्रवाळात घर करून राहतो, आणि कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून दगड उचलून आणण्याचा सल्ला कुणी दिला तर तोही याच कारणासाठी मानू नका.

तुमचा वर्म नळीत भरीव लागतोय का, आणि प्युरिफायरमध्ये कॉपर कार्ट्रिज आहे का, एवढी दोन उत्तरं आधी कळवा. पडलेल्या तुऱ्याच्या टोकांचा जवळून काढलेला फोटो असेल तर एंजलचा निकालही लगेच लागेल.